संख्येचे शब्दालंकार

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव आपल्याकडे बहुधा एका गोष्टीच्या रूपाने ठाऊक असते. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारा एक साधा शिक्षक, संख्यांचा नाद असलेला. त्याच्याकडे इथल्या पंडितांनी दुर्लक्ष केले. मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्याच्यावर लिहिले आणि जगाला तो कळला. गोष्ट स्थूलमानाने खरी आहे. डहाणूला १७ जानेवारी १९०५ रोजी जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, पुढे पदव्युत्तर शिक्षण नाही, १९३० ते १९६२ देवळालीला शिक्षकाची नोकरी, १९८६ साली मृत्यू, हा तपशील सर्वत्र सापडतो. या गोष्टीत ६१७४ ही संख्याही येते. पण ती येते ती नाटकातल्या तलवारीसारखी, म्हणजे नायकाच्या कमरेला असलीच पाहिजे म्हणून. तिला म्यानातून बाहेर काढून कोणी पाहत नाही.

माझी तक्रार या न पाहण्याविषयी आहे. ती गणिताच्या शिक्षकांपेक्षा साहित्याच्या शिक्षकांपुढे मांडावीशी वाटते, कारण जे आपण कापरेकरांच्या संख्येचे केले तेच आपण वर्गात कवितेचेही करतो. कवीचे चरित्र सांगतो, त्याची उपेक्षा सांगतो, 'सौंदर्यस्थळे' दाखवतो, अलंकाराचे नाव सांगतो आणि पुढच्या कवितेकडे वळतो. ओळ प्रत्यक्षात काय करते आहे, हे पाहायचे राहून जाते. 'जादुई संख्या' आणि 'अप्रतिम कविता' ही दोन्ही विशेषणे वाचन थांबवण्यासाठीच वापरली जातात असे अलीकडे वाटू लागले आहे.

म्हणून आधी संख्या वाचू. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. अट एवढीच की तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत, आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करावे. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. त्याचे अंक मांडून ९५३१ वजा १३५९ बरोबर ८१७२. पुढे ८७२१ वजा १२७८ बरोबर ७४४३. ७४४३ वजा ३४४७ बरोबर ३९९६. ९९६३ वजा ३६९९ बरोबर ६२६४. ६६४२ वजा २४६६ बरोबर ४१७६. आणि ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. आता ६१७४ वर तीच क्रिया केली तर पुन्हा ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. येथून सुटका नाही. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथे यावेच लागते. १९०५ ला पूर्ण सात लागतात. मृत्यूच्या वर्षाला, १९८६ ला, सहा पुरतात. (यातून कोणी फलज्योतिष काढू नये.) कापरेकरांनी हे १९४९ साली शोधले आणि १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यांचे टिपण आले.

यात जादू किती आहे? संख्येचे अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड असे म्हणू. उतरत्या संख्येतून चढती वजा केली की उरते ते असे: अ आणि ड यांच्यातील फरकाची ९९९ पट, अधिक ब आणि क यांच्यातील फरकाची ९० पट. मूळ संख्या काय होती हे आता विसरले तरी चालते, दोनच फरक शिल्लक राहतात. पहिला फरक १ ते ९ पर्यंत असू शकतो, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही. सगळ्या जोड्या मोजल्या तर त्या फक्त ५४ भरतात. म्हणजे जवळजवळ दहा हजार संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ दारांतून आत शिरते. त्या ५४ जणांचा पुढचा प्रवास एका संध्याकाळी कागदावर तपासून होतो. ६१७४ म्हणजे फरक ६ आणि २: ९९९ ची सहा पट ५९९४, त्यात १८० मिळवले की झाले. आश्चर्य कमी होत नाही, पण ते आता आपले होते. कवितेतल्या एखाद्या यमकाने आपल्याला का धरून ठेवले हे कळल्यावर ते यमक जसे फिके पडत नाही, तसेच हे.

याहून मोठी, आणि मला याहून देखणी वाटणारी, एक संख्या कापरेकरांच्या दुसऱ्या एका शोधाशी जोडलेली आहे. नऊ वेळा एक लिहून होणारी संख्या, १११११११११, तिला स्वतःनेच गुणले तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, एकापासून चढत नवापर्यंत जाणारे आणि त्याच पायऱ्यांनी उतरणारे. या कुळातल्या संख्यांना कापरेकरांनी 'डेम्लो संख्या' असे नाव दिले. डेम्लो म्हणजे डोंबिवली. त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेवरील या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. संख्येला रेल्वे स्थानकाचे नाव देणारा गणिती आपल्या भाषेतला आहे, ही गोष्ट आपण नामकरणाच्या, म्हणजे भाषेच्या, इतिहासात नोंदवायला हवी होती.

ही संख्या मराठीत मोठ्याने वाचून पाहावी. आजच्या व्यवहाराच्या भाषेत ती अशी होते: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटीचे कोटी करत आपण कसेबसे तीर गाठतो, आणि संख्येचा जो आकार डोळ्यांना दिसत होता तो कानाला मुळीच ऐकू येत नाही. आता भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील, म्हणजे ११५० सालच्या, स्थाननामांनी तीच वाचू: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. चढण आणि उतार कानाला ऐकू येतात. अर्बुदावर माथा आहे. दहाच्या प्रत्येक घाताला स्वतंत्र नाव असणे ही आपण एरवी पाठांतराची कटकट समजतो. पण त्या नावांमुळे संख्येची घडण उच्चारात उतरते. याचे भान जुन्यांना होते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील जैन गणिती महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या सांगताना, एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी, असे तिचे वर्णन केले आहे. संख्येचे रूप पाहणे आणि ते शब्दांत पकडणे ही गोष्ट देवळालीत प्रथमच घडली असे नाही.

आता आक्षेपाकडे येऊ. तो किरकोळ माणसाचा नाही. जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात अशा अंकचमत्कृतींची दोन उदाहरणे घेऊन त्यांना गंभीर गणितातून बाहेर काढले. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे उलट्या अंकांच्या संख्येची पट. तसेच १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या संख्या आपल्या अंकांच्या घनांची बेरीज आहेत. हार्डींचे म्हणणे असे की हे कोड्यांच्या सदराला ठीक आहे, पण यातून व्यापक असे काही हाती लागत नाही, आणि सिद्धतेतही काही सौंदर्य नाही. त्यामागचा खोल मुद्दा असा मांडता येईल: हे गुण संख्येचे नाहीतच, ते आपण संख्या दहाच्या पद्धतीत लिहितो या सवयीचे आहेत. माणसाला बोटे बारा असती तर ६१७४ चे कौतुक कोणी केले नसते.

हा मुद्दा समजण्यासाठी हार्डींचीच प्रसिद्ध संख्या घेऊ. आजारी रामानुजनना भेटायला ते गेले तेव्हा टॅक्सीचा क्रमांक १७२९ होता, आणि रामानुजन यांनी सांगितले की दोन घनांची बेरीज म्हणून दोन रीतींनी मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे: १२ चा घन अधिक १ चा घन, आणि १० चा घन अधिक ९ चा घन. हा गुण संख्या कशीही लिहिली तरी टिकतो. रोमन अंकांत लिहा, खडे मांडा, रेघा ओढा. पण १७२९ चा आणखी एक गुण आहे. तिच्या अंकांची बेरीज १९. आणि १७२९ ला १९ ने पूर्ण भाग जातो, भागाकार ९१, म्हणजे १९ चेच उलटे रूप! अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला नि:शेष भाग जातो तिला कापरेकरांनी 'हर्षद', आनंद देणारी, असे नाव दिले. १७२९ ही हर्षद संख्या आहे. मात्र डझन आणि ग्रोस यांच्या हिशेबाने, म्हणजे बाराच्या पद्धतीत, तीच संख्या लिहिली तर ती १००१ अशी लिहावी लागते. अंकांची बेरीज २, आणि संख्या विषम, हर्षदपण गेले. रामानुजनांचा गुण राहिला, कापरेकरांचा गेला.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे काहीतरी ओळखीचे वाटले पाहिजे. मम्मटाच्या परंपरेतील काव्यशास्त्राने शब्दालंकार आणि अर्थालंकार वेगळे करण्यासाठी नेमकी हीच कसोटी वापरली आहे. शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द घातला, म्हणजे परिवृत्ती केली, तरी जो अलंकार टिकतो तो अर्थालंकार. जो टिकत नाही तो शब्दालंकार. उपमा परिवृत्तिसह आहे, यमक परिवृत्त्यसह आहे. 'कमळ' काढून 'पंकज' घातले तरी मुख कमळासारखेच राहते. अनुप्रास मात्र त्या क्षणी मोडतो. दोन घनांची बेरीज हा १७२९ चा अर्थालंकार आहे आणि १९ गुणिले ९१ हा तिचा शब्दालंकार. कापरेकरांचे बहुतेक कार्य शब्दालंकारांचे आहे हे मान्य करायला हरकत नाही. आणि मम्मटाने केवळ चमत्कृतीवर उभ्या असलेल्या चित्रकाव्याला अवर, म्हणजे तिसऱ्या प्रतीचे, ठरवले होते. तेव्हा हार्डी आणि मम्मट यांची आसने शेजारी-शेजारी मांडावी लागतील.

आपल्याकडे याचे सर्वांत मोठे उदाहरण मोरोपंत. योगायोगाने त्यांचे जन्मवर्षही १७२९. एकशे आठ रामायणे रचण्याचा त्यांचा संकल्प आणि त्यांतील निरोष्ठ रामायणासारखे प्रयोग आपण वाङ्मयेतिहासाच्या पेपरात एका ओळीत उरकतो. ओष्ठ्य वर्ण टाळायचे म्हणजे 'म' टाळायचा; म्हणजे रामकथा सांगायची आणि 'राम' म्हणायचे नाही. या अटीने भाषेला काय काय करावे लागले असेल, कोणत्या विशेषणांना आणि पर्यायांना पुढे यावे लागले असेल, याचा विचार आम्ही वर्गात करत नाही. 'पांडित्यप्रदर्शन' हा शब्द हाताशी असतो. तो लावला की रामायण मिटवता येते. कापरेकरांना 'जादू' म्हणून मिटवायचे आणि मोरोपंतांना 'कसरत' म्हणून, अशी ही सोय आहे.

तरी शब्दालंकार म्हटल्याने प्रश्न सुटत नाही, आणि माझ्या मते हार्डींचा आक्षेप येथे अर्धाच खरा ठरतो. पुन्हा त्या सतरा अंकी संख्येकडे पाहू. नऊ एकांचा गुणाकार शाळेतल्या रीतीने मांडला तर एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत एकाखाली एक येतात. उजवीकडून पहिल्या घरात एकच एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्या घरात नऊ. नंतर पुन्हा आठ, सात असे कमी होत जातात. चढ-उतार हा त्या सरकत्या ओळींचा आकार आहे. तो दहाच्या पद्धतीवर अवलंबून नाही. आठाच्या पद्धतीत तो सात एकांपर्यंत दिसेल, बाराच्या पद्धतीत अकरा एकांपर्यंत. बीजगणितात तो कोणत्याही अक्षराच्या घातांत दिसतो. दहाची पद्धत एवढेच ठरवते की तो कोठे मोडायचा. दहा एक घेतले तर मधल्या घरात दहा येतात, हातचा निघतो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. आठ नाहीसा झाला, मध्यावर दोन शून्ये बसली. (ही संख्या एकोणीस अंकी असल्याने 'लीलावती'च्या अठरा स्थानांच्या, परार्धापर्यंतच्या, यादीतही ती बसत नाही, पण हा निव्वळ योगायोग.)

हातचा हा आपल्या शाळेतला पहिला करुण शब्द असावा. पण येथे तो फार काही सांगतो. चमत्कृती परिवृत्त्यसह असली तरी चमत्कृतीचे कारण परिवृत्तिसह असते. एका भाषेतले यमक दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. यमक कानाला का धरते, पुनरावृत्तीने अर्थाकडे लक्ष कसे वळते, हे मात्र कोणत्याही भाषेत सांगता येते, आणि छंदःशास्त्र हेच तर करते. तसेच ६१७४ चे. बाराच्या पद्धतीत ती संख्या नसेल, पण 'वजाबाकीनंतर दोन फरकच उरतात' हे तत्त्व तेथेही असेल. फक्त ९९९ आणि ९० यांच्या जागी त्या पद्धतीचे गुणक येतील. हार्डी संख्येपाशी थांबले. कारणापर्यंत गेले असते तर त्यांनाही थोडी व्यापकता दिसली असती असे म्हणण्याचे धाडस करतो.

याचा अर्थ कापरेकरांना रामानुजनांच्या पंगतीला बसवावे असा नाही. उपेक्षेची भरपाई म्हणून अतिशयोक्ती करणे ही आपली जुनी खोड आहे. मर्यादा सरळ सांगाव्यात. तीन अंकी संख्यांसाठी ४९५ अशी एकच स्थिर संख्या सापडते. पण पाच अंकी संख्यांसाठी अशी संख्याच नाही, तेथे उत्तरे तीन वेगवेगळ्या चक्रांत फिरत राहतात (५३९५५ वरून ५९९९४ आणि तेथून परत ५३९५५, हे त्यांतले सर्वांत लहान). सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या आहेत, शिवाय चक्र आहेच. म्हणजे ६१७४ ही एखाद्या महान नियमाची खूण नाही. ते एक भाग्याचे स्थळ आहे, जेथे आपली लेखनपद्धती आणि एक साधी क्रिया नेमकी जुळून आली. चांगल्या ओवीतही असे होते. भाषेच्या अपघातातून काही निर्माण होते, आणि ते ओळखणारा कान लागतो. कापरेकरांना असा कान, खरे तर डोळा, होता. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ आणि २०४०८ अधिक १२२४४९ पुन्हा १४२८५७. या संख्यांना आज जगभर त्यांचे नाव आहे. हे पाहण्यासाठी सिद्धान्ताआधी लक्ष लागते.

त्यांची पद्धतीवरची ही निष्ठा कोणत्या काळातली होती हेही विसरू नये. १९४९ साली बाजारात दशमान पद्धत नव्हतीच. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ रोजी. धान्य खंडीने, म्हणजे वीस मणांनी, मोजले जाई. वस्तू कोडीने आणि डझनाने. मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करत. अनेक पद्धतींत एकाच वेळी जगणाऱ्या समाजातला शिक्षक दहाच्या पद्धतीचे खास रूप न्याहाळत होता. आपण दशमानातच बुडालेले असल्याने ते आपल्याला निसर्गदत्त वाटते. त्यांना ते एक भाषा म्हणून दिसले असावे, असा माझा तर्क आहे.

हे सारे साहित्याच्या विभागात कशासाठी, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर आपल्या अभ्यासक्रमातच आहे. जुन्या मराठीचे नमुने म्हणून आपण जे शिलालेख शिकवतो त्यांत चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. मुख्य भाग संस्कृतात, दानाचा तपशील मराठीत. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. आपण त्यातील प्रत्यय पाहतो, विभक्ती पाहतो, 'च्या' आणि 'तें' शोधतो. तो मठ कशासाठी होता हे विचारत नाही. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक गणिताच्या शाळेसाठी कोरला गेला, ही गोष्ट विद्यार्थ्याला सांगितली तर 'मला गणित नको होते म्हणून मी कला शाखेला आलो' हे वाक्य म्हणताना तो निदान क्षणभर थांबेल.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून वाद झाला तेव्हाही आपली हीच अडचण उघड झाली. एकवीस न म्हणता 'वीस एक', सदुसष्ट न म्हणता 'साठ सात' असे वाचन मुलांना सोपे जाईल, असा प्रस्ताव होता; गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. भाषेचा खून झाला म्हणणारे आणि जुन्याला चिकटणाऱ्यांची थट्टा करणारे असे दोन तट पडले. माझे मत असे की 'सदुसष्ट' टिकलाच पाहिजे. पण त्यासाठी केवळ परंपरा हे कारण पुरेसे नाही. 'सदुसष्ट'मध्ये सात आधी येतो आणि साठ नंतर, लिहिताना मात्र उलट, ही मुलाची खरी अडचण आहे आणि नारळीकरांना ती दिसली होती. दुसरीकडे 'एकोणतीस' या शब्दात एक उणे तीस ही वजाबाकी आहे, आणि 'नव्याण्णव'पाशी भाषा तीच युक्ती सोडून देते. हे शब्द म्हणजे आपल्या गणनेचा साठलेला इतिहास आहे. तो उलगडून सांगण्याचे काम मराठीच्या प्राध्यापकांचे होते, आणि त्या वेळी आपल्यापैकी फार थोडे बोलले. नारळीकरांनी 'गणितगप्पा' लिहिल्या, म्हणजे भाषेचे काम गणिताच्या बाजूने झाले होते; आपण त्या पुस्तकाला बालवाङ्मयाच्या कपाटात ठेवले. त्या २०२३ साली गेल्या.

नावांच्या बाबतीतही आपण असेच गाफील राहिलो. हर्षद संख्यांना पाश्चात्त्य गणितात इव्हान निव्हेन यांच्या नावाने 'निव्हेन संख्या' असेही म्हणतात. जी संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही (उदाहरणार्थ २०, ३१, ४२), तिला जग 'सेल्फ नंबर' म्हणते. तिचे दुसरे नाव 'देवळाली संख्या'. आपल्याकडे देवळांत आणि दैवतांत 'स्वयंभू' हा शब्द शतकानुशतके आहे. ज्याला कोणी घडवले नाही ते. हा शब्द या संख्यांना चपखल बसतो. परिभाषा कोश सरकारने करायचा आणि आपण त्यातल्या कृत्रिम शब्दांवर विनोद करायचे, ही वाटणी आता पुरे झाली.

माझी मागणी लहान आहे. अलंकार शिकवताना एक तास या संख्यांना द्यावा. परिवृत्तिसह आणि परिवृत्त्यसह हे दोन शब्द पाठ करून घेण्याऐवजी १७२९ फळ्यावर लिहावी आणि तिचा कोणता गुण दुसऱ्या लेखनपद्धतीत टिकतो ते मुलांकडून काढून घ्यावे. मग मोरोपंतांची एक आर्या घ्यावी आणि तोच प्रश्न विचारावा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, संगणक लागत नाही, शहर तर मुळीच लागत नाही. देवळालीच्या शिक्षकाला लागले नव्हते. भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावातील मुलालाही लागणार नाही. त्याच्या वहीचे शेवटचे पान आणि शाळेत शिकलेली वजाबाकी पुरेशी आहे. ज्या मुलाने सात पायऱ्या उतरून ६१७४ स्वतः गाठली आहे, आणि मग ती तेथेच का थांबते हे ५४ जोड्यांपर्यंत जाऊन पाहिले आहे, त्याला पुढच्या तासाला 'या ओळीतील अलंकार ओळखा' असे विचारले तर तो नाव सांगून थांबेल असे वाटत नाही. तो विचारील, शब्द बदलला तर काय होईल? वर्गात हा प्रश्न यावा एवढ्यासाठी हा खटाटोप.